गाडीनेच ठोकलं तर केस कोणावर पडते?

निलेश_नाशिक

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

माझ्याकडे एडासवाली, म्हणजे चालकाला मदत करणारी सिस्टीम असलेली गाडी आहे, लेव्हल २. लेन स्वतः धरते, पुढच्या गाडीपासून अंतर स्वतः राखते, वेळ आली तर ब्रेकही स्वतः मारते. आरसी माझ्या नावावर, पण लांबचा प्रवास असला की भाचा चालवतो. परवा आईला घेऊन नागपूरला निघालो, सिन्नरच्या पुढे समृद्धीला लागलो आणि थोड्या वेळाने बघतो तर याने पाण्याची अर्धी भरलेली बाटली रबरबँड लावून स्टेअरिंगच्या एका बाजूला अडकवलेली. म्हटलं हे काय रे, तर म्हणतो मामा, हात काढले की ही बोंबलायला लागते, बाटलीच्या वजनाने तिला वाटतं हात आहेत. काटा १२० वर, हा सीट मागे करून मोबाईल बघतोय आणि वर मलाच समजावतोय की गाडी माणसापेक्षा चांगली चालवते, सगळे असंच करतात, यूट्यूबवर बघा. बाटली तिथल्या तिथे काढायला लावली, तो विषय संपला.

पण प्रश्न राहिलाच. समजा त्या वेळी कोणाला उडवलं असतं तर गुन्हा कोणावर, भाच्यावर, माझ्यावर की कंपनीवर? शोरूममध्ये टेस्ट ड्राईव्ह देणाऱ्या पोराने हात सोडूनच दाखवली होती, आणि मॅन्युअल उघडलं तर जागोजागी हेच की जबाबदारी पूर्णपणे चालकाची. म्हणजे विकताना गाडी चालवते आणि ठोकल्यावर माणूस चालवत होता, हे कसं काय?

आणि दुसरं, अमेरिकेत तर आता पुढच्या सीटवर कोणीच नसलेल्या टॅक्स्या फिरतात. तिथे पोलिस कोणाला धरतात? कोणाला नीट माहीत असेल तर सांगा, व्हॉट्सॲपवरचं ज्ञान नको.

—

स्वाती_टेंपी

निलेश, मी ॲरिझोनात टेंपीला राहते, फिनिक्सला अगदी लागून. आमच्या भागात वेमोच्या बिनड्रायव्हरच्या टॅक्स्या २०२० पासून सगळ्यांसाठी सुरू आहेत, आता कोणी वळून बघतही नाही. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याही आधीच्या एका अपघातात आहे आणि तो आमच्याच गावात झालाय, मिल ॲव्हेन्यूवर, तिथून माझं येणं-जाणं असतं म्हणून तो प्रकार मी अगदी शेवटपर्यंत वाचत राहिले.

१८ मार्च २०१८, रविवार, रात्री दहाच्या सुमारास. उबरची टेस्टिंगची व्होल्वो एक्ससी९० स्वतः चालत होती, सीटवर लक्ष ठेवायला एक ऑपरेटर बसलेली. एक ४९ वर्षांची बाई सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती, जिथे क्रॉसिंग नव्हतं तिथून. गाडीने तिला उडवलं आणि ती गेली. सेल्फ ड्रायव्हिंग गाडीखाली पायी चालणारं माणूस दगावल्याची ही पहिली घटना धरतात.

मग एनटीएसबीने, म्हणजे इथल्या अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेने सगळं उकरून काढलं. सेन्सरला ती बाई धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती. साडेपाच सेकंद खूप झाले हो, माणसाने आरामात गाडी थांबवली असती. पण सॉफ्टवेअर ठरवतच बसलं, आधी म्हणे वाहन, मग 'इतर', मग सायकल, परत 'इतर', आणि दर वेळी मत बदललं की आधीचा माग सोडून नव्याने अंदाज सुरू. क्रॉसिंग सोडून कोणी माणूस रस्त्यात येऊ शकतं हे त्यात धरलेलंच नव्हतं. धडक होणार हे कळलं तेव्हा १.२ सेकंद उरलेले, आणि तिथेही एक सेकंद मुद्दाम थांबायची सोय केलेली, का तर उगाच खोटे ब्रेक लागायला नकोत. व्होल्वोचा स्वतःचा इमर्जन्सी ब्रेक ऑटो मोडमध्ये उबरने बंद ठेवलेला. आधी गाडीत दोन ऑपरेटर असायचे, ते काही महिने आधी एकावर आणलेले.

आता कोणाला काय झालं ते बघा. मार्च २०१९ मध्ये सरकारी वकिलांनी सांगितलं की कंपनीवर फौजदारी गुन्हा बनत नाही. २०२० मध्ये ऑपरेटरवर गुन्हा लागला. तिच्या फोनवर टीव्हीचा शो चालू होता, ती चूक होतीच आणि एनटीएसबीनेही मुख्य कारण तेच दिलं, फक्त त्यासोबत कंपनीच्या सुरक्षेच्या ढिलाईवर आणि राज्य सरकारच्या देखरेखीवरही बोट ठेवलं. जुलै २०२३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला, ३ वर्षं प्रोबेशन. कंपनीने मृत बाईच्या घरच्यांशी पंधरा दिवसांच्या आत तडजोड केली होती. एक सेकंद थांबायचं ज्यांनी ठरवलं, ब्रेक बंद ज्यांनी ठेवला, त्यांच्यापैकी एकही जण आरोपी म्हणून कोर्टात उभा राहिला नाही. मला हे आजही पचत नाही.

रिकाम्या सीटचं विचारलंत. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन ब्रूनोला पोलिसांनी बेकायदा यू-टर्न मारणारी वेमो अडवली, आत कोणी नाही, पावती फाडणार कोणाच्या नावाने? शेवटी कंपनीला कळवून सोडून दिली. कॅलिफोर्नियाने त्यासाठी कायदा केलाय, जुलै २०२६ पासून पोलिसांना थेट कंपनीच्या नावाने नोटीस काढता येते. म्हणजे गाड्या आधी आल्या आणि साधी पावती कशी फाडायची ते नंतर ठरलं.

—

संदीप_जालना

भाच्याच्या हातातून किल्ली काढून घ्या आधी, बाकी चर्चा नंतर. समृद्धीवर रात्री रोही आडवी येते, टायर फुटलेला ट्रक दिव्याशिवाय उभा असतो, आमच्या इकडे तर हे काही नवीन नाही. बाटलीला काय दिसणार आहे त्यातलं?

—

वकील_कोल्हापूर

निलेशराव, मी मोटार अपघात क्लेमची कामं करतो, बहुतेक वेळा जखमींच्या आणि वारसांच्या बाजूने. आजच्या कायद्यापुरतं सरळ सांगतो.

गुन्हा भाच्यावर. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, हयगयीने मृत्यू, ५ वर्षांपर्यंत शिक्षा. जुनं ३०४ अ होतं ते. गाडी कोण चालवत होतं याला आपल्या कायद्यात एकच उत्तर आहे, स्टेअरिंगमागचा माणूस. लेव्हल २ असो नाहीतर आणखी काही, मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे आणि त्यात माणूस नसलेला ड्रायव्हर कुठेच नाही. त्यात स्टेअरिंगला बाटली लावलेली पंचनाम्यात आली तर सरकारी वकिलाला वेगळा पुरावा शोधायची गरजच उरत नाही.

भरपाई मात्र तुमच्या दारात येते. क्लेम दाखल होतो तेव्हा जाबदेणार म्हणून ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी असतात, आणि मालक म्हणजे आरसीवर ज्याचं नाव तो. तुम्ही गाडीत नसलात तरी तुमचं नाव येणारच. थर्ड पार्टी विमा चालू असेल आणि भाच्याचं लायसन वैध असेल तर पैसे विमा कंपनी भरते, कारण तिसऱ्या माणसाला नाही म्हणायची कारणं कायद्याने मोजकीच ठेवलीत. लायसन वगैरे काही नसलं तरी कोर्ट बऱ्याचदा विमा कंपनीला सांगतं की आधी वारसांना पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा, आम्ही त्याला पे अँड रिकव्हर म्हणतो. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम मात्र बाटली बघून अडकवतील, हे लिहून ठेवा.

आता खरा मुद्दा. चूक ड्रायव्हरची नाही असं निघालं तर? लोकांना वाटतं मग काहीच मिळत नाही. तसं नाही. १९८६ मध्ये एका जीपचं पुढचं टायर फुटलं, जीप उलटली आणि रस्त्याने चाललेला माणूस मेला. अपघात क्लेमचं ट्रिब्युनल म्हणालं ड्रायव्हरचा निष्काळजीपणा नाही, अर्ज फेटाळला. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २००१ मध्ये कोर्टाने भरपाई दिली, की धोक्याची वस्तू रस्त्यावर आणलीत तर चूक असो वा नसो, नुकसान भरून द्या. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ आहे, मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, कोणाची चूक हे सिद्ध करायची गरज नाही. म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला आधी पैसे मिळावेत ही व्यवस्था आपल्याकडे आधीपासून आहे, आणि सेल्फ ड्रायव्हिंग गाडीलाही ती लागू करायला काही अडचण नाही.

पण या सगळ्यात गाडी बनवणारी कंपनी कुठे आहे? कुठेच नाही. आरटीओचा इन्स्पेक्टर गाडी तपासतो, ब्रेक, स्टेअरिंग, टायर, लाईट बघतो आणि 'मेकॅनिकल दोष नाही' म्हणून सही करतो. सॉफ्टवेअर कोणतं व्हर्जन होतं, त्या क्षणी गाडी कोण चालवत होतं, माणूस की यंत्र, हे मी आजवर पाहिलेल्या एकाही रिपोर्टात नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये प्रॉडक्ट लायबिलिटी आली, डिझाईनमधला दोष, अपुरी सूचना यासाठी कंपनीला धरता येतं, पण तो रस्ता मुळात ग्राहकाचा आहे. गाडीखाली आलेला सायकलवाला तिचा ग्राहक नसतो.

—

मृण्मयी_हिंजवडी

मी याच क्षेत्रात काम करते, एडासचं टेस्टिंग, गाड्या बाहेरच्या देशातल्या पण काम इथे पुण्यात बसून. कंपनीचं नाव लिहीत नाही.

निलेशदादा, लेव्हल २ आणि लेव्हल ३ मध्ये खरा फरक जबाबदारीचा आहे, आणि हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही. लेव्हल २ म्हणजे गाडी मदत करतेय, चालवताय तुम्ही, डोळे रस्त्यावर पाहिजेत. लेव्हल ३ म्हणजे ठरावीक परिस्थितीत गाडी चालवतेय आणि तुम्ही दुसरं काही करू शकता, ती बोलावेल तेव्हा परत यायचं. मर्सिडीजने २०२२ मध्ये जर्मनीत हे आणलं, सुरुवातीला फक्त ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या हायवेवर, आणि ताशी ६० च्या आत, आणि सिस्टीम चालू असताना तिच्यामुळे काही झालं तर जबाबदारी आमची असं कंपनीने सांगितलं. परत ताबा घ्यायला ती १० सेकंद देते. १० सेकंद का, तर मोबाईलमधून डोकं वर काढून समोर काय चाललंय ते समजायला माणसाला वेळ लागतो. तुमच्या भाच्याची गाडी १२० ला सेकंदाला ३३ मीटर जाते, आणि लेव्हल २ तुम्हाला १० सेकंद सोडा, दोन सेकंदही द्यायला बांधील नाही. लेनची पट्टी पुसलेली आली की ती नुसती एक टुं वाजवून हात सोडते, आम्ही हे टेस्ट ट्रॅकवर रोज बघतो.

आणि एक गोष्ट, सिस्टीम जितकी चांगली तितका माणूस ढिला पडतो. अर्धा तास काही चुकलं नाही की मेंदू बंद होतो, चांगला शिकलेला टेस्ट ड्रायव्हरसुद्धा. त्यामुळे 'लक्ष ठेवायची जबाबदारी चालकाची' असं मॅन्युअलमध्ये लिहून कंपनीची सुटका होता कामा नये, कारण असंच होणार हे आम्हाला बनवतानाच माहीत असतं.

फ्लोरिडाचा निकाल यासाठी महत्त्वाचा आहे. २०१९ मध्ये की लार्गोला टेस्ला ऑटोपायलटवर होती, चालकाचा फोन खाली पडला, तो उचलायला वाकला, पाय ॲक्सिलरेटरवर, रस्ता संपला तिथे स्टॉपची पाटी ओलांडून गाडी बाजूला उभ्या असलेल्या एसयूव्हीवर गेली. शेजारी उभी असलेली २२ वर्षांची मुलगी गेली, तिचा मित्र जबर जखमी झाला. चालकाने चूक मान्य केली होती. तरी ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीच्या ज्युरीने ६७ टक्के चालक आणि ३३ टक्के टेस्ला अशी वाटणी केली, कंपनीला दंडासकट २४ कोटी डॉलरच्या वर भरायला सांगितले. कंपनी त्याविरुद्ध लढतेय. पण मला पैशापेक्षा दुसरी गोष्ट लागली, अपघाताच्या क्षणाचा जो डेटा आपल्याकडे सापडत नाही असं कंपनी म्हणत होती तो मुलीच्या बाजूच्या तज्ज्ञाने गाडीतल्याच कॉम्प्युटरमधून काढला. तो नसता तर ज्युरीपुढे फक्त फोन उचलायला वाकलेला माणूस राहिला असता.

वकीलसाहेबांनी म्हटलं तेच मी आतल्या बाजूने सांगते. कॅमेऱ्याला काय दिसलं, कधी दिसलं, ब्रेकचा आदेश का रोखला गेला, हे सगळं गाडी लिहून ठेवते आणि ते वाचायची किल्ली कंपनीकडे असते. कायद्याने पहिलं काम करायचं तर हे करावं, की गंभीर अपघात झाला की ठरावीक तासांत तो लॉग तपास यंत्रणेकडे आणि जखमीच्या वकिलाकडे गेलाच पाहिजे. जर्मनीत लेव्हल ३ च्या गाडीने कधी यंत्र चालवत होतं, कधी माणूस आणि ताबा कधी मागितला हे साठवणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

—

प्रसाद_बेंगळुरू

सगळ्यांचं पटतंय पण मला वाटतं तुम्ही एकच बाजू बघताय. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार माणसं मेली, सरकारचाच आकडा आहे, आणि ती सेल्फ ड्रायव्हिंगने नाही मेली, बहुतेक भरधाव, दारू पिऊन, झोपेत, उलट्या बाजूने, फोनवर बोलत गाडी चालवणाऱ्या माणसांमुळे मेली. यंत्र दारू पीत नाही. उद्या यातली निम्मी जरी वाचली तरी किती घरं वाचतील. प्रत्येक अपघाताला कंपनीला कोर्टात खेचायचं ठरवलं तर कोणी गाडी आणणारच नाही.

आणि सगळ्याच कंपन्या पळत नाहीत. व्होल्वोच्या प्रमुखांनी २०१५ मध्येच सांगितलं होतं की गाडी स्वतः चालत असताना काही झालं तर पूर्ण जबाबदारी आमची. ब्रिटनने तर हा गुंता छान सोडवलाय, २०१८ च्या कायद्यात विमा कंपनी आधी जखमीला पैसे देते आणि मग बनवणाऱ्याकडून वसूल करते, आणि २०२४ च्या कायद्यात सिस्टीम चालवत असताना सीटवर बसलेल्या माणसावर गाडी चालवण्याचे गुन्हे लागणार नाहीत, ते उत्तर परवाना घेतलेल्या कंपनीला द्यावं लागेल. आपणही हेच उचलावं, भांडण कशाला?

—

स्वाती_टेंपी

प्रसाद, यंत्र जीव वाचवेल हे मला मान्य आहे, मी स्वतः वेमोने जाते आणि रात्री उशिरा अनोळखी ड्रायव्हरपेक्षा मला ती बरी वाटते. पण कंपन्या आपणहून जबाबदारी घेतील यावर विसंबू नका. क्रूझ या रोबोटॅक्सी कंपनीचं बघा. २ ऑक्टोबर २०२३, सॅन फ्रान्सिस्को. एका बाईला आधी दुसऱ्याच गाडीने, माणूस चालवत असलेल्या, धडक दिली आणि तो पळून गेला, ती बाई उडून क्रूझच्या रोबोटॅक्सीसमोर पडली. रोबोटॅक्सीने ठोकलं, थांबली, आणि मग बाजूला घ्यायचं म्हणून परत सुरू झाली, बाई खाली अडकलेली असताना २० फूट फरफटत नेलं. ती वाचली. पण फरफटत नेल्याची गोष्ट कंपनीने सरकारपुढे नीट मांडली नाही, तीन आठवड्यांनी कॅलिफोर्नियाने परवाना थांबवला, आणि नंतर केंद्र सरकारच्या तपासात खोटा रिपोर्ट दिल्याचं कबूल करून ५ लाख डॉलर भरावे लागले. अपघाताची अर्धी चूक पळून गेलेल्या माणसाची होती, ते सरळ सांगितलं असतं तरी चाललं असतं. तरी लपवलं.

—

रेश्मा_अकोला

मला तांत्रिक काही कळत नाही पण हा धागा वाचून राहवलं नाही.

माझे बाबा टँकर चालवायचे. ब्रेक लागत नाहीत म्हणून त्यांनी मालकाला किती वेळा सांगितलं असेल, मालक म्हणायचा एवढी ट्रिप मारून ये मग लायनर बदलू. उतारावर अपघात झाला, दुचाकीवरचे दोघं गेले. बाबांना आधी लोकांनी मारलं, मग पोलिसांनी नेलं. फिर्यादीत वाक्य तेच जे सगळ्या फिर्यादीत असतं, भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे. मालक पोलिस स्टेशनला आला तो सुपूर्तनामा करून टँकर सोडवायला. बाबा आत बसलेले दिसले तरी बोलला नाही. लायनर कधी बदलले याची कोणी चौकशी केली नाही, आरटीओच्या कागदावर पण ब्रेक ठीक असंच आलं. ते दोघं गेले त्यांच्या घरच्यांचं दुःख मोठं आहे, बाबा आजही त्यांचं नाव काढलं की उठून जातात. पण ती केस एकट्या माझ्या बाबांवर का चालली याचं उत्तर मला कोणी दिलं नाही.

म्हणून स्वातीताईंनी त्या ऑपरेटर बाईचं लिहिलं ते मी परत परत वाचलं. तिथे एवढं मोठं यंत्र, एवढी मोठी कंपनी, आणि शेवटी सीटवर बसलेलं पगारी माणूसच सापडलं.

गडकरी साहेबांनी २०१७ मध्ये आणि परत डिसेंबर २०२३ ला नागपुरात सांगितलं की ड्रायव्हरलेस गाड्या येऊ देणार नाही, ड्रायव्हर लोकांच्या नोकऱ्या जातील. ऐकून बरं वाटलं होतं. पण मला भीती वेगळीच आहे. मला वाटतं ट्रक स्वतः चालेल आणि तरी केबिनमध्ये एक ड्रायव्हर ठेवतील, अर्ध्या पगारावर, फक्त अपघात झाला की फिर्यादीत लिहायला एक नाव पाहिजे म्हणून. चालवायचं काही नाही, झोपायचं नाही, आणि चुकलं तर आत जायचं. माझा भाऊ पण ट्रेलरवर आहे. त्याच्या वाट्याला हे येऊ नये एवढंच मला वाटतं.

प्रसादभाऊ, १ लाख ६८ हजारात किती जण अशा गाड्यांनी मेले ज्यांचे ब्रेकच लागत नव्हते, तो आकडा पण कोणी काढायला पाहिजे.

—

प्रसाद_बेंगळुरू

रेश्माताई, तुमच्या बाबांचं वाचून वाईट वाटलं. मी माणसांच्या चुका म्हणून जो आकडा टाकला त्यात हे धरलं जात नाही, बरोबर आहे तुमचं. कंपनीने परवाना घेतानाच जबाबदारी लिहून द्यावी आणि सिस्टीम चालू असताना सीटवरच्या माणसावर गुन्हा लागू नये, हे ब्रिटनचं कलम मग सगळ्यात आधी ट्रक-ट्रेलरसाठी आणायला हवं, महागड्या कारच्या मालकांसाठी नंतर.

—

मृण्मयी_हिंजवडी

रेश्मा, तुझी भीती खरी आहे, आमच्यात याला कोणी असं तोंडावर म्हणत नाही पण 'लूपमध्ये माणूस ठेवा' हे वाक्य मीटिंगमध्ये कधी सुरक्षेसाठी येतं आणि कधी जबाबदारीसाठी, आणि दोन्हीतला फरक मी ओळखायला शिकलेय. सुरक्षेसाठी असेल तर त्या माणसाला वेळ देतात, नीट अलार्म देतात, ड्युटीचे तास कमी ठेवतात, त्याचे डोळे मिटतायत का बघणारा कॅमेरा बसवतात. यातलं काहीच नसेल आणि नुसतं माणूस असेल तर तो कशासाठी आहे ते उघड आहे. आणि लायनरबद्दल, नव्या ट्रकमध्ये ब्रेकच्या तक्रारी इलेक्ट्रॉनिक नोंदल्या जाऊ शकतात, चालकाने कधी सांगितलं, मालकाने कधी बघितलं, तारखेसकट. तो लॉग ड्रायव्हरच्या बाजूनेही बोलतो, म्हणून मी लॉगच्या मागे लागलेय.

—

निलेश_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. रेश्माताई, तुमच्या भावाला आमचा नमस्कार सांगा.

वकीलसाहेब, एक शेवटचं. समजा उलटं झालं, मी किंवा माझ्या घरचं कोणी रस्त्याने चाललंय आणि अशा एडासवाल्या गाडीने ठोकलं, ती गाडी स्वतः चालत होती असा संशय आहे. तर आज, नवीन कायदा यायच्या आधी, कंपनीला त्यात आणता येतं का? आणि नेमकं काय करायचं?

—

वकील_कोल्हापूर

येतं, पण सगळं पहिल्या काही दिवसांत करावं लागतं. पोलिसांना लेखी अर्ज द्या की गाडी जप्त असताना तिचा इलेक्ट्रॉनिक डेटा काढल्याशिवाय सुपूर्तनाम्यावर सोडू नका, अर्जाची पोच घ्या. त्याच दिवशी कंपनीला, डीलरला आणि विमा कंपनीला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवा की या चेसिस नंबरच्या गाडीचा अमुक तारखेचा अमुक वेळेचा डेटा जसाच्या तसा जपून ठेवा, तो नष्ट झाला तर आम्ही ते कोर्टात तुमच्या विरोधात मांडू. मृण्मयीताई सांगतील, गाडी परत चालवायला लागली की जुनं पुसलं जाऊ शकतं, म्हणून घाई. डेटा मिळाला तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट सोबत पाहिजे, नाहीतर कोर्टात तो पुरावा म्हणून वाचलाच जात नाही, यात चांगल्या चांगल्या वकिलांची प्रकरणं अडकलीत.

क्लेम दाखल करायला कायद्यात सहा महिने आहेत, त्याच्या आतच करा. आणि अर्जात जाबदेणार म्हणून ड्रायव्हर, मालक, विमा कंपनी यांच्यासोबत गाडी बनवणारी कंपनीही लावा. समोरचे वकील लगेच हरकत घेतील की हे ट्रिब्युनल मोटार अपघाताचं आहे, इथे डिझाईनचा दोष चालत नाही, ग्राहक आयोगात जा. घेऊ दे हरकत. तुमची भरपाई त्यासाठी थांबत नाही, ती विमा कंपनीकडून मिळायची ती मिळतेच, आणि कंपनी पक्षकार म्हणून आत असली की तिच्याकडून लॉग हजर करून घ्यायचा अर्ज देता येतो.

एका प्रकरणात मी असा अर्ज दिलाय. दुचाकीवाला जखमी आहे, गाडीवाला म्हणतो ब्रेक मी मारला नाही, गाडीने मधेच स्वतः मारला, आणि दुचाकी मागून आदळली. कंपनीने हरकत घेतलीय, त्यावर युक्तिवाद व्हायचाय. ऑर्डर झाली की इथे टाकतो, बाजूने झाली तरी आणि विरोधात झाली तरी.